जास्त वॅटचे स्पॉटलाइट लावले की रात्र सोपी होत नाही

रात्री मोटरसायकल चालवणाऱ्यांमध्ये एक संदेश कायम फिरत असतो. त्याचा आशय असा: ‘कंपनीचा हेडलाइट रात्री काही कामाचा नाही. दोन एलईडी स्पॉटलाइट बसवा, जितके जास्त वॅट तितकं चांगलं. एलईडी वीज खातच नाही, त्यामुळे थेट बॅटरीला जोडा; रिले आणि फ्यूजवर पैसे घालवू नका. धुक्यासाठी पिवळे घ्या, पिवळा प्रकाश धुकं भेदतो. समोरच्याचे डोळे दिपले तर चांगलंच, तो आपोआप वेग कमी करेल.’

जादा दिवे लावूच नयेत असं माझं म्हणणं नाही. नीट निवडून नीट बसवलेल्या दिव्यांचा अंधाऱ्या रस्त्यावर मोठा आधार असतो. पण हा संदेश वाचून दिवे बसवणारा माणूस स्वतःची वायरिंग आणि समोरून येणाऱ्याचा जीव, दोन्ही धोक्यात घालतो. म्हणून एकेक वाक्य तपासू.

हेडलाइटबद्दलचं वाक्य अर्धं खरं आहे. ताशी ८० किलोमीटरला गाडी सेकंदाला २२ मीटर कापते. धोका दिसून ब्रेक लागेपर्यंत दीड सेकंद धरला तर ३३ मीटर तिथेच गेले. कोरड्या, चांगल्या रस्त्यावर थांबायला आणखी ४० मीटर लागतात. म्हणजे एकूण साधारण ७५ मीटर, आणि डिपरच्या, म्हणजे हेडलाइटच्या खालच्या झोताच्या, उजेडात गडद कपड्यातला माणूस इतक्या लांबून सहसा दिसत नाही. ताशी ६० ला हेच अंतर ५० मीटरच्या आत येतं. उजेड कमी पडतो हे खरं, पण तो कमी का पडतो ते आधी बघायला हवं. हॅलोजन बल्ब असेल तर इंजिन चालू ठेवून, थोडा रेस देऊन, बॅटरीवर व्होल्टेज मोजा आणि मग बल्ब पेटलेला असताना त्याच्या होल्डरवर मोजा. बॅटरीवर १३.५ आणि होल्डरवर १२.१ आलं तर वाटेत दहा टक्के व्होल्टेज गेलं. हॅलोजनचा उजेड मात्र तेवढ्याने सुमारे तीस टक्के उतरतो. बारीक वायर, काजळलेले स्विचचे पॉइंट, गंजलेलं अर्थिंग, कारण यांपैकीच एखादं असतं. ते दुरुस्त केलं, काच पुसली आणि फोकस जागेवर आणला की ‘कामाचा नाही’ म्हटलेला हेडलाइट पुष्कळदा कामाचा निघतो.

आता वॅट. खोक्यावर १२० लिहिलं असेल तर तो दिवा साडेतेरा व्होल्टला जवळपास ९ अँपिअर घ्यायला हवा. मल्टिमीटर १० अँपिअरच्या रेंजवर लावून बघा. अनेक स्वस्त दिवे २ अँपिअरही घेत नाहीत, म्हणजे खरे वॅट पंचवीस-सत्तावीसच्या पुढे जात नाहीत. खोटा आकडा ही मात्र लहान तक्रार. मोठी चूक अशी की वॅट हा विजेचा खर्च आहे, उजेड कुठे पडतो ते त्यातून कळत नाही. ते ठरवते लेन्स. १० अंशांच्या झोताचा गोल ५० मीटरवर पावणेनऊ मीटर रुंद असतो, ६० अंशांच्या झोताचा जवळपास ५८ मीटर. तोच उजेड चाळीस पटींहून मोठ्या जागेवर पसरला, तर रस्त्याच्या वाट्याला किती येणार? शिवाय अंतर दुप्पट झालं की पडणारा उजेड चौथाई होतो. नुसते वॅट वाढवून लांबचं बघायचं म्हटलं तर दुप्पट अंतरासाठी चौपट वॅट लागतील.

यात एक फसगत आहे आणि ती मला सगळ्यात घातक वाटते. रुंद झोताचा दिवा चाकापुढच्या दहा-पंधरा मीटरवर लख्ख उजेड पाडतो. चालवणाऱ्याला वाटतं, काय झकास दिसतंय! पण डोळा त्या झगझगीत पट्ट्याला सरावतो, बाहुली आकसते आणि पट्ट्यापलीकडचा रस्ता आधीपेक्षा काळा होतो. ८० च्या वेगात तो पट्टा पाऊण सेकंदाच्या आत संपतो. तिथे दिसलेला खड्डा चुकवता येत नाही. आत्मविश्वास वाढतो, वेगही वाढतो आणि उपयोगाची नजर मात्र आखूड होते. ज्याला वेगात चालवायचं आहे त्याने जवळचा उजेड हेडलाइटवर सोडावा आणि जादा दिवा अरुंद झोताचा, लांब टाकणारा घ्यावा.

‘वीज खातच नाही’ हे तर साध्या गुणाकारात टिकत नाही. खरोखर २० वॅटचे दोन दिवे म्हणजे ४० वॅट, साधारण ३ अँपिअर. लहान एकसिलिंडर गाडीच्या चार्जिंग कॉइलची, म्हणजे इंजिनवर वीज तयार करणाऱ्या भागाची, ताकद बहुधा शे-दोनशे वॅटच्या घरातली, त्यातून हेडलाइट, इग्निशन, पेट्रोल पंप, मागचा दिवा आधीच आपला वाटा घेतात. गाडी नुसती आयडलवर असेल तर कॉइल त्याहून कितीतरी कमी देते. परवडतं का ते तपासायचं असेल तर सगळे दिवे लावा, इंजिन नेहमीच्या चालीच्या आरपीएमवर ठेवा आणि बॅटरीचं व्होल्टेज बघा. साडेतेराच्या आसपास टिकलं तर ठीक. १२.८ च्या खाली आलं तर बॅटरी भरत नाही, रिकामी होते आहे.

फ्यूज वगळण्याचा सल्ला ज्याने दिला त्याने जळालेली वायरिंग जवळून पाहिलेली नसावी. फ्यूज दिव्यासाठी नसतो, वायरसाठी असतो. मोटरसायकलची छोटी बॅटरीसुद्धा शॉर्ट झाल्यावर क्षणभरात शंभराहून जास्त अँपिअर ओतू शकते. बारीक वायर तेवढ्यात लाल होते, आणि ती जाते पेट्रोलच्या टाकीखालून. शॉर्ट होण्याची ठरलेली जागा म्हणजे हँडलचा मानेजवळचा भाग. प्रत्येक वळणाला वायर तिथे चेसिसवर घासते, वरचं प्लास्टिक झिजतं आणि एक दिवस आतलं तांबं लोखंडाला टेकतं. म्हणून फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकापासून वीतभर अंतरातच हवा. ३ अँपिअरच्या दिव्यांना ५ चा पुरतो.

रिले म्हणजे बारीक वायरच्या इशाऱ्यावर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. त्याबद्दल प्रामाणिकपणे सांगायचं तर ३ अँपिअरला चांगला स्विच एकटाही पुरेल. रिलेचा मोठा फायदा वेगळाच आहे. त्याच्या ३० नंबरच्या टोकाला फ्यूजमधून बॅटरी, ८७ ला दिवे, ८५ ला अर्थ आणि ८६ ला इशारा देणारी वायर. ही शेवटची वायर चावीनंतरच्या लाइनवरून घेतली की चावी काढल्यावर दिवे विझणारच. थेट जोडलेले दिवे रात्रभर चालू राहिले, तर सकाळी स्टार्टर फिरत नाही.

पिवळ्या रंगाचं थोडक्यात. धुक्याचे थेंब प्रकाशलहरींच्या मानाने खूप मोठे असतात, त्यामुळे सगळे रंग त्यांच्यावर जवळपास सारखेच विखुरतात. पिवळा काही भेदून जात नाही. फ्रान्समध्ये १९९३ पर्यंत गाड्यांचे हेडलाइट पिवळेच असावेत असा नियम होता, तो शेवटी सुटला. निळसर पांढऱ्यापेक्षा पिवळा डोळ्यांना कमी बोचतो असा पुष्कळांचा अनुभव आहे, त्यासाठी तो घ्यायला हरकत नाही. पण धुक्यात उपयोगी पडतात ते खाली बसवलेले, रुंद झोताचे आणि वरची कड साफ कापलेले दिवे. अरुंद स्पॉटलाइट कोणत्याही रंगाचा असो, समोर उजेडाची भिंत उभी करतो.

आणि आता ते शेवटचं वाक्य. ते वाचून मला खरोखर राग येतो. डोळे दिपलेला माणूस वेग कमी करेलच असं नाही. तुम्ही किती लांब आहात हे त्याला कळत नाही, रस्त्याची कड दिसत नाही, आणि तुमच्या दोघांच्या मध्ये चालणारा पादचारी त्याच्यापुरता नाहीसा होतो. दोन्ही गाड्या ६० ने येत असतील तर अंतर सेकंदाला ३३ मीटरने आटतं. नजर पूर्ववत व्हायला दोन-तीन सेकंद लागले तर तेवढ्यात तो तुम्हाला न बघता ओलांडून गेलेला असतो, किंवा तुमच्यावर आलेला असतो. वयस्कर डोळ्यांना सावरायला त्याहून जास्त वेळ लागतो. ‘समोरचाही अप्परवरच (वरच्या, लांबच्या झोतावरच) येतो’ हे उत्तर नेहमी मिळतं. मग दोघंही आंधळे झाले. यात फायदा कुणाचा?

उपाय अवघड नाही. गाडी सपाट जागी भिंतीपासून १० मीटरवर उभी करा, वर कुणालातरी बसवा आणि दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर खुणेने मांडा. झोताची वरची कड त्या खुणेच्या १० सेंटिमीटर खाली यायला हवी. मागे माणूस किंवा सामान असेल तर हे पुन्हा तपासा. चाकांमधलं अंतर १.४ मीटर धरलं तर मागची बाजू फक्त ३ सेंटिमीटर दबल्याने झोत ५० मीटरवर एक मीटरहून जास्त वर जातो, म्हणजे थेट समोरच्याच्या तोंडावर.

अरुंद झोताचा दिवा असा खाली झुकवला तर त्याचा लांब टाकण्याचा गुणच जातो. म्हणून त्याच्या रिलेची ८६ ची वायर अप्परच्या लाइनवरून घ्या. समोरून गाडी दिसली, अंगठ्याने डिपर केला, की हेडलाइटच्या अप्परबरोबर तोही विझतो. वेगळं बटण शोधावं लागत नाही. धुक्याच्या दिव्यांना मात्र स्वतंत्र स्विच ठेवा, कारण ते डिपरबरोबर चालू राहायला हवेत.