तीन महिन्यांत वीजतंत्री तयार होत नाही

‘आयटीआयमध्ये दोन वर्षं वाया घालवू नका. जर्मनीत आयटीआय नाहीतच, कंपन्या थेट शिकवतात. आपलीही बंद करून तीन महिन्यांचे कोर्स काढा, बेरोजगारी संपेल. आयटीआयनंतर पुढचं शिक्षण बंद होतं आणि अप्रेंटिसशिप म्हणजे फुकट राबणं.’ हा मेसेज दहावीच्या निकालापासून फिरतोय. भाच्याच्या घरी तो पोचला आणि वीजतंत्री (इलेक्ट्रिशियन) ट्रेडचा भरलेला अर्ज तिथेच अडकला. म्हणून हे लिहिणं भाग आहे.

आधी जर्मनी. तिथला शिकाऊ उमेदवार आठवड्यातले तीन-चार दिवस कंपनीत आणि उरलेले एक-दोन दिवस सरकारी व्यवसाय शाळेत असतो. म्हणजे शाळा आहेच. वीजकामाच्या ट्रेडला तिथे साडेतीन वर्षं लागतात. साडेतीन वर्षांच्या पद्धतीचा दाखला देऊन तीन महिन्यांचा कोर्स मागायचा, याला काय म्हणावं?

आणि तीन महिन्यांचं हे खूळ नुसतं चुकीचं नाही, जीवघेणं आहे. साधं स्टार-डेल्टा स्टार्टरचं उदाहरण घ्या. मोटार आधी ‘स्टार’ जोडणीत कमी करंटवर सुरू करून मग ‘डेल्टा’ जोडणीत पूर्ण जोरानं चालवतो तो हा. 10 एचपीची मोटार, नेमप्लेटवर करंट साधारण 14.5 अँपिअर. ओव्हरलोड रिले (करंट वाढला की मोटार बंद करणारा) डेल्टाच्या आत, फेजमध्ये जोडलेला असेल तर त्याच्यातून मोटारीच्या करंटच्या 0.58 पटच करंट जातो, म्हणून तो नेमप्लेटच्या 0.58 पट, म्हणजे 8.4 अँपिअरवर लावायचा असतो. घाईत शिकलेला पोरगा नेमप्लेट वाचून थेट 14.5 वर लावतो. मग पंप जाम होऊन मोटार 20 अँपिअर ओढायला लागली तरी रिले ट्रिप होत नाही, कारण त्याच्यातून फक्त साडेअकराच जातात. वाइंडिंग जळतं आणि मालक मोटारीच्या कंपनीला शिव्या घालतो. मेगरचं, म्हणजे जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशन तपासणाऱ्या यंत्राचंही तसंच. ड्राइव्हच्या, म्हणजे मोटारीचा वेग बदलणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पेटीच्या, वायरी न सोडवता मोटारीला 500 व्होल्टचा मेगर लावला की ड्राइव्ह गेलाच. स्विच फेजऐवजी न्यूट्रलमध्ये बसवला तर दिवा बंद होतो, पण होल्डर जिवंत राहतो. ही कामं पुन्हा पुन्हा चुकून, निदेशकाकडून तपासून घेऊनच हातात बसतात. छोटे कोर्स आधीच काम येणाऱ्याला नवीन यंत्र शिकवायला उत्तम आहेत. कोऱ्या पाटीवर ते चालत नाहीत.

‘पुढचं शिक्षण बंद’ हे सरळ खोटं. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड केलेल्याला पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. महावितरणच्या विद्युत सहाय्यक भरतीला वीजतंत्री किंवा तारतंत्रीचं प्रमाणपत्र लागतंच.

अप्रेंटिसशिपबद्दलची तक्रार मात्र अर्धी खरी आहे, ते मान्य करावं लागेल. शिकाऊ उमेदवाराला वर्षभर पॅकिंगला उभं करणारे कारखाने आहेत. पण फुकट? शिकाऊ उमेदवारी अधिनियम 1961 चा आहे. 2019 च्या नियमदुरुस्तीनं आयटीआय उत्तीर्णाचं किमान विद्यावेतन महिना 7,000 रुपये केलं आणि 30 किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला अडीच ते 15 टक्के शिकाऊ घेणं बंधनकारक केलं. करार शिकाऊ उमेदवारीच्या सरकारी पोर्टलवर नोंदवलेला नसेल तर राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारीचं प्रमाणपत्र मिळत नाही. रुजू होण्याआधी कराराचा क्रमांक मागायचा, एवढं केलं तरी निम्मी फसवणूक टळते.

आयटीआय मोडकळीला आल्यात हे खरं, पण का? संसदेच्या कामगारविषयक स्थायी समितीच्या 2017-18 च्या अहवालात कारण सापडतं. 2007 पर्यंतच्या साठ वर्षांत देशात 1,896 सरकारी आणि सुमारे 2,000 खासगी आयटीआय झाल्या. पुढच्या दहाएक वर्षांत 9,000 हून जास्त खासगी संस्थांना मान्यता मिळाली. एवढ्यांना यंत्रं कुठून येणार, निदेशक कुठून येणार? संस्था वाटेल तशा वाटल्या गेल्या आणि तपासणी कागदावर राहिली, दुखणं हे आहे. सुधारायचं असेल तर रिकाम्या निदेशकांच्या जागा भरा, बंद लेथ चालू करा आणि प्रशिक्षणाचा मोठा भाग कारखान्यात घडवणारी दुहेरी प्रशिक्षण पद्धत जास्त तुकड्यांना लावा. ती आपल्याकडे 2016 पासून आहे, नव्यानं शोधायची गरज नाही.

ज्यांचे अर्ज अडकलेत त्यांनी संस्थेत जाऊन वर्कशॉप बघा. वीजतंत्रीच्या तुकडीत 20 जण असतात. मोटारी, स्टार्टर आणि मेगर किती आहेत, त्यातले चालू किती, आणि ट्रेडला कायम निदेशक आहे का, हे विचारा. दुहेरी पद्धतीची तुकडी असेल तर करार कोणत्या कारखान्याशी आहे तेही विचारा. सरकारी असो वा खासगी, उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर पसंतीक्रम बदला. पण ट्रेड सोडू नका.