फ्रेडी मर्क्युरी लाजेने दडून बसला नव्हता

तो मेसेज परत फिरतोय. ब्रिटिश रॉक बँड क्वीन फुटला होता, 1985 च्या लाइव्ह एडच्या (दुष्काळग्रस्तांसाठी लंडनच्या वेम्बली स्टेडियममध्ये झालेल्या मोठ्या कॉन्सर्टच्या) आधी त्याचा गायक फ्रेडीने बाकी तिघांना मला एड्स झालाय असं सांगितलं, मग सगळे रडून एकत्र आले, शेवटचं गायले, आणि नंतर तो लाजेने घरात दडून बसला आणि गेला. खाली जन्म पाचगणीचा असंही जोडलेलं.

पाचगणीचं आधी उरकतो. जन्म झांझिबारचा, 5 सप्टेंबर 1946, पारशी घर, आडनाव बलसारा. शाळा मात्र आपल्या पाचगणीचीच, सेंट पीटर्स, तिथेच पोरांनी हेक्टिक्स नावाचा बँड काढला आणि हा पियानोवर.

बँड फुटला होता? अहो मे 1985 मध्ये हे चौघं जपानमध्ये शो करत होते, लाइव्ह एड 13 जुलैला, मधे फुटायला वेळ कधी मिळाला? फ्रेडीने सोलो अल्बम काढला म्हणून म्हणत असाल तर ड्रमर रॉजर टेलरने 1981 लाच काढला होता.

आजाराचं तर सरळ तारखांचं गणित आहे. त्याचा जोडीदार जिम हटनने स्वतः सांगितलंय की निदान 1987 च्या एप्रिलमध्ये झालं. त्याच्यावरच्या 2018 च्या सिनेमाने कथेसाठी क्रम फिरवला आणि लोक तोच इतिहास म्हणून पाठवतायत. क्वीनबरोबरचा शेवटचा शोही लाइव्ह एडचा तो नाही, 1986 ला पुन्हा युरोपभर टूर केली आणि 9 ऑगस्टला इंग्लंडमधल्या नेबवर्थला त्यांच्याबरोबर स्टेजवर शेवटचं गायला.

पण मला खरा राग येतो तो दडून बसला या वाक्याचा. निदानानंतर या माणसाने ऑपेरा गायिका माँसेरात काबाये बरोबर अख्खा अल्बम केला, मग क्वीनचे दोन अल्बम, 1989 चा द मिरॅकल आणि 1991 चा इन्युएन्डो. मे 1991 चा त्याचा शेवटचा व्हिडिओ बघा एकदा, तब्येत कळू नये म्हणून ब्लॅक अँड व्हाइट ठेवलाय, चेहऱ्यावर मेकअपचा थर, अंगात त्याच्या मांजरांची चित्रं असलेलं जाकीट, जवळजवळ एका जागी उभा, आणि तरी नजर कॅमेऱ्यावरून हटत नाही. त्याच महिन्यात मदर लव्ह हे गाणं गायला घेतलं. बँडचा गिटारिस्ट ब्रायन मे याला म्हणायचा तू लिहून देत राहा, मी गातो, नंतर तुम्ही पूर्ण करा. शेवटचं कडवं राहिलं ते राहिलंच, ते ब्रायनने गायलं.

आजार जाहीर केला 23 नोव्हेंबर 1991 ला आणि 24 ला संध्याकाळी गेला, न्यूमोनियाने, वय 45. हे खरंय. आधी बोलला असता तर इतर रुग्णांना बळ मिळालं असतं हे म्हणणं मला पटतं. पण आधी सांगितलं असतं तर वाचला असता हे साफ चूक, कारण तेव्हा मुख्यतः एझेडटीसारखी तात्पुरता आधार देणारी औषधं होती, जीव वाचवणारी एकत्र औषधांची ट्रीटमेंट 1996 च्या सुमाराला आली. आणि पेपरवाले घराबाहेर ठाण मांडून बसलेले असताना आपलं आजारपण आपल्यापाशी ठेवलं तर त्याला लाज कशी म्हणता?

तो गेल्यावर क्वीनचं गाणं बोहेमियन ऱ्हॅप्सडी पुन्हा रिलीज झालं, ब्रिटनमध्ये परत एक नंबरला गेलं, कमाई एड्सग्रस्तांसाठी काम करणाऱ्या टेरेन्स हिगिन्स ट्रस्टला दिली. 20 एप्रिल 1992 ला त्याच्या आठवणीतल्या कॉन्सर्टसाठी वेम्बली पुन्हा भरलं आणि मर्क्युरी फिनिक्स ट्रस्ट उभा राहिला. एचआयव्हीच्या कामाला तो अजूनही पैसे देतोय.