नवव्या दिवशीचा दादा

आमच्या दादरच्या सोसायटीच्या ग्रुपवर आठवडाभर एक मेसेज फिरतोय: 'सरकार आठ दिवस बंद ठेवा, नवव्या दिवशी गल्लीतला दादा राजा होईल. अराजकवादी समाज एकतर मरतो, नाहीतर त्याचंच सरकार होतं. स्पेनमध्ये करून बघितलं, आपोआप फसलं.'

अराजकवाद म्हणजे गोंधळ नव्हे, सरकारशिवाय लोकांनी आपसांत ठरवून समाज चालवणं. आधी दादाचं बघू. मुंबईचा जुना डॉन वरदराजन, त्याचा पसारा हातभट्टीवर उभा राहिला आणि हातभट्टीला भाव आला तो सरकारी दारूबंदीमुळे. म्हणजे मुंबईचा दादा सरकार गायब झाल्यावर उगवला नाही, त्याच्या सावलीत वाढला. उलट २६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, त्या रात्री सरकार शोधून सापडेना, तेव्हा अनोळखी लोकांनीच एकमेकांना घरात घेतलं. एका रात्रीवरून समाजरचना सिद्ध होत नाही, हे मान्य.

स्पेन 'आपोआप' फसलं हे मात्र धादांत खोटं. जुलै १९३६मध्ये लष्कराचं बंड बार्सिलोनात मोडून काढल्यावर तिथल्या अराजकवादी कामगारांनी काही दिवसांतच ट्राम स्वतः चालवायला घेतल्या. शेजारच्या आरागॉन प्रांतात गावांनी शेती सामुदायिक केली. (सगळे राजीखुशीने आले असं नाही, कुठे कुठे जबरदस्तीही झाली.) ऑगस्ट १९३७मध्ये प्रजासत्ताक सरकारने अराजकवाद्यांच्या हातातली आरागॉनची कारभारी परिषद बरखास्त केली आणि सैन्य घुसवलं. उरलंसुरलं बंडखोर लष्कराचा सेनानी फ्रँकोने संपवलं. गळा दाबून मारलेल्याला 'आपोआप गेला' म्हणत नाहीत.

खरा आक्षेप मेसेजवाल्याला सुचलाच नाही. नोव्हेंबर १९३६मध्ये सीएनटी या अराजकवादी कामगार संघटनेचे चार जण चक्क प्रजासत्ताक सरकारात मंत्री झाले! याचं उत्तर माझ्याकडे सोपं नाही. आइसलंडचंही तसंच. तिथले लोक अराजकवादी नव्हते, पण ९३०पासून राजा नव्हता, निवाडे अमलात आणणारं सरकारही नव्हतं. पुढे सरदारक्या मोजक्या घराण्यांत साठल्या आणि १२६२मध्ये नॉर्वेच्या राजाचं राज्य आलं. तरी तीनशेवर वर्षं गेली, आठ दिवस नाही.

मेक्सिकोतल्या चियापास राज्यातले झापातिस्ता हे आदिवासी बंडखोर १९९४पासून टिकून आहेत. त्यांचं स्वतःचं सैन्य आहे, म्हणून कोणी त्यांना छोटं राज्यच म्हणेल. त्यात तथ्य आहे. पण गावातली पदं तिथे आळीपाळीने फिरतात आणि २०२३मध्ये त्यांनी आपल्या स्वायत्त नगरपालिका स्वतःच मोडून अधिकार खाली गावांकडे दिले.

आमच्या सोसायटीत सेक्रेटरीपद बारा वर्षं एकाच घरात आहे. वार्षिक सभेला कोरम भरत नाही. मेसेज त्यांनीच फॉरवर्ड केलाय.