‘रेनफॉरेस्ट आपोआप भरून येतं’ म्हणणाऱ्या पोस्टला उत्तर

सध्या एक पोस्ट फिरतेय, ट्रेकिंगच्या बहुतेक ग्रुपवर एव्हाना येऊन गेली असेल. थोडक्यात तिचं म्हणणं असं, की उष्ण प्रदेशातलं पावसाळी जंगल इतक्या जोमाने वाढतं की आपल्या चालण्याने त्याला काही होत नाही, आठवड्याभरात सगळं परत उगवतं. म्हणून चिखल असेल तर कडेने जा, फळांच्या साली-बिया तिथेच टाका, बूट काय पावसातच धुऊन निघतात, आणि डास-किड्यांसाठीचा स्प्रे हर्बल असेल तर ओढ्यात बिनधास्त उतरा. लोकांनी न घाबरता जंगलात जावं असं लिहिणाऱ्याला वाटत असणार, आणि ते मलाही वाटतं. पण सांगितलेलं जवळजवळ सगळं उलटं आहे आणि लोक ते खरं धरून चालतायत म्हणून एकेक मुद्दा घेते.

पहिलं म्हणजे ‘आठवड्याभरात उगवतं’. एवढं हिरवंगार म्हणजे खालची माती मस्त सुपीक असणार असं आपल्याला वाटतं, मलाही वाटायचं. पण ॲमेझॉनच्या मोठ्या भागात काय किंवा बोर्निओत काय, माती पावसाने वर्षानुवर्षं धुऊन धुऊन कस गेलेली असते, आणि झाडांना लागणारं बरंचसं अन्न झाडांत आणि वरच्या पालापाचोळ्याच्या पातळ थरात फिरत असतं. बोर्निओतल्या एका वाटेवर आमच्या गाईडने बसून हाताने पाचोळा बाजूला केला होता, तर खाली पांढऱ्या दोऱ्यांसारखी बारीक मुळं आणि बुरशीचे तंतू एकमेकांत गुंतलेले, आणि त्याच्याखाली बोटभर अंतरावर नुसती पिवळट चिकणमाती. बाजूलाच कुणाच्यातरी बुटाचा ठसा होता, त्यात पाणी साचलेलं, मुरतच नव्हतं. म्हणजे आपण जो थर तुडवतो तोच त्या जंगलाचा स्वयंपाकघराचा ओटा आहे. एकदा माती दबली की पाणी आत न जाता वरून वाहतं आणि जाताना पाचोळाही घेऊन जातं.

आणि उगवण्याचं म्हणाल तर दाट जंगलात जमिनीपर्यंत जेमतेम 1-2 टक्के उजेड पोचतो. तुमच्या पायाखाली येणारं ते गुडघ्याएवढं रोप कालचं नसतं हो, वरचं एखादं झाड पडून उजेड मिळेल याची वाट बघत कित्येक वर्षं तेवढंच उभं असू शकतं. झटपट जे वाढतं ते वेली आणि उजेडाला धावणारी झाडं, ते बघून आपण जंगल भरून आलं म्हणतो. बोर्निओतल्या सबाह या मलेशियाच्या राज्यात लाकूडतोडीच्या बुलडोझरच्या वाटांवर कितीतरी वर्षांनंतरही माती घट्ट आणि झाडं कमी सापडलीयेत. आपले बूट म्हणजे बुलडोझर नाहीत हे मान्य, पण माती दबण्याचा प्रकार तोच आहे.

त्यातूनच दुसरा मुद्दा येतो, चिखल. कडेने जायचं नाही, मधूनच जायचं. न तुडवलेल्या जमिनीचं सगळ्यात जास्त नुकसान पहिल्या थोड्याशा पावलांतच होतं, आधीच दबलेल्या वाटेवर आणखी शंभर जण गेले तरी त्यामानाने फार फरक पडत नाही. चार जण डावीकडून गेले की तिथे चिखल होतो, मग पाचवा आणखी डावीकडून जातो, आणि दोन फुटांची वाट बघता बघता बैलगाडीच्या रस्त्याएवढी होते. त्यामुळे भिजले तरी चालतील असे बूट घाला आणि सरळ चिखलात पाय घाला.

आता बूट, आणि हा मुद्दा मला सगळ्यात जास्त लागलाय. ‘पावसात धुऊन निघतात’ म्हणजे बुटाची माती पडते कुठे? त्याच जंगलात ना! तीच तर भीती आहे. हवाई बेटांवर ओहिया नावाचं झाड आहे, तिथल्या पावसाळी जंगलाचा कणाच म्हणा, त्याला मारणारी बुरशी 2014 मध्ये ओळखली गेली आणि तेव्हापासून दहा लाखांहून जास्त झाडं गेलीत. ती पसरण्याच्या वाटा बऱ्याच आहेत, पण बुटांना, गाड्यांना, अवजारांना चिकटलेली माती ही त्यातली एक, म्हणून तिथे वाटांच्या तोंडाशी ब्रश आणि फवारा ठेवलेला असतो आणि आधी माती खरवडून मग 70 टक्के अल्कोहोल मारायला सांगतात. दुसरं उदाहरण मिकोनिया या झाडाचं. मोठ्ठी पानं, खालून जांभळी, दिसायला फार देखणी. 1937 मध्ये ताहितीत शोभेसाठी आणली आणि आज त्या बेटाचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग तिने व्यापलाय, खाली दुसरं काही उगवू देत नाही. तिचं बी वाळूच्या कणाएवढं असतं, बुटाच्या खाचेतल्या चिखलात बसलं तर डोळ्यांना दिसणारही नाही. बेडकांना मारणाऱ्या कायट्रिड बुरशीचंही तसंच, ओल्या बुटांवरून ती एका ओढ्यातून दुसऱ्या ओढ्यात जाऊ शकते. जगभरात निदान 501 उभयचर जाती तिच्यामुळे घटल्या असं 2019 मधल्या एका अभ्यासात मांडलंय. यावर उपाय काय तर निघण्याआधी घरी बूट, मोजे, काठीचं टोक, बॅगेचा तळ घासून धुवा आणि कडकडीत वाळवा, कारण वाळवणं या बुरशीला सोसत नाही. अर्ध्या तासाचं काम आहे.

साली-बियांबद्दल जास्त लिहीत नाही. उष्ण ओलाव्यात साल लवकर कुजते हे खरंच आहे, पण त्याआधी ती माकडाला सापडते आणि माणूस म्हणजे खाणं हे ते शिकतं. आणि बी? हवाईत स्ट्रॉबेरी पेरूने पावसाळी जंगलाची पार दाटी करून टाकलीये, तोही बाहेरून आणलेलाच होता. बरोबर आणलेलं परत न्या, संपलं.

राहिला स्प्रे. हर्बल तेल किड्यांना सोसत नाही म्हणूनच आपण ते लावतो ना, मग ओढ्यातल्या अळ्यांना ते कसं सोसेल? आणि केमिकलमध्येही सौम्य वाटणारं ते निरुपद्रवी असं नसतं, 2018 मधल्या एका प्रयोगात पिकॅरिडिन (डास पळवणाऱ्या स्प्रेमधलं एक रसायन) मिसळलेल्या पाण्यात सॅलमँडरची, म्हणजे सरड्यासारख्या दिसणाऱ्या उभयचर प्राण्याची, पिल्लं मोठ्या प्रमाणात मेली. पण म्हणून स्प्रे सोडू नका, मलेरिया-डेंग्यू चेष्टेचा विषय नाही. पूर्ण बाह्यांचे कपडे घाला म्हणजे लावायची जागाच कमी राहील, आणि पाण्यात उतरायचं असेल तर ओढ्यापासून साठेक मीटर लांब, बाटलीतलं पाणी घेऊन आधी अंग धुवा.

जळवांसाठी मिठाची पुडी न्या असंही त्या पोस्टखाली कुणीतरी लिहिलंय. मीठ, तंबाखू काही नको. घट्ट विणीचे जळूमोजे गुडघ्यापर्यंत ओढले की बहुतेक जळवा बाहेरच राहतात, आणि एखादी चिकटलीच तर तिच्या बारक्या टोकाखाली कातडीला लावून नख सरकवायचं, मग दुसऱ्या टोकाखाली, की सुटते. बाजूच्या पानावर ठेवायची आणि निघायचं.