युनियनचं कार्ड भरलं म्हणून व्हिसा जात नाही

परवा रात्री साडेअकराला माझ्या मावसबहिणीच्या मुलीचा फोन आला. ती अमेरिकेत एका खासगी विद्यापीठात पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, टीए, म्हणजे शिकवणारी सहायक, म्हणून दोन वर्गांना शिकवते. तिच्याकडे दुपार होती. दोन वर्गांच्या मधल्या वेळात जिन्यात उभी राहून बोलत होती. पहिलाच प्रश्न, "मावशी, कार्डवर केलेली सही परत घेता येते का गं?"

तिच्या विद्यापीठात टीए आणि आरए, म्हणजे संशोधन सहायक, मुलं युनियन उभी करताहेत आणि तिने महिन्यापूर्वी त्यांचं कार्ड, म्हणजे 'मला युनियन हवी' असं सही करून सांगणारा कागद, भरलं होतं. मग भावोजींना कुठूनतरी 'अमेरिकेत शिकणाऱ्या मुलांच्या पालकांसाठी अत्यंत महत्त्वाचे' असा एक मेसेज आला. त्यांनी तो घरच्या ग्रुपवर टाकला आणि लेकीला फोन करून सांगितलं, आजच्या आज नाव काढून घे. तोच मेसेज मला दोन दिवसांत आणखी तीन ठिकाणांहून आला. मी स्वतः अमेरिकेतल्या एका सरकारी विद्यापीठात सात वर्षं काढली, त्यातली पाच टीए म्हणून, आणि शेवटची दोन वर्षं आमच्या विभागाची युनियन स्टुअर्ड, म्हणजे सहकाऱ्यांच्या तक्रारी मांडणारी युनियनची प्रतिनिधी, होते. त्यामुळे गप्प बसणं मला जमणार नाही.

मेसेजचा पहिला मुद्दा असा: 'एफ-१ व्हिसावरच्या विद्यार्थ्याने युनियनमध्ये नाव घातले की ते राजकीय काम ठरते, व्हिसा रद्द होतो आणि परत पाठवतात.' बाकीचं बरंचसं चुकीचं असूनही मी एक वेळ सोडून दिलं असतं. हे सोडणार नाही, कारण ह्याच एका वाक्याने ती पोरगी जिन्यात रडत होती.

एफ-१ ह्या विद्यार्थी व्हिसावर असलेल्याने काय करावं आणि काय करू नये हे अमेरिकेच्या संघीय नियमावलीत लिहिलेलं आहे. कलम ८ सीएफआर २१४.२, पोटकलम एफ. कोणालाही वाचता येतं, मी पुन्हा एकदा बसून वाचलं. पूर्णवेळ शिक्षण चालू ठेवा. सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांहून जास्त काम करू नका. परवानगीशिवाय बाहेर नोकरी करू नका. युनियनचं सभासद होऊ नका, असं त्यात कुठेही नाही.

उलट बाजूने बघा. खासगी क्षेत्रातल्या कामगारांना संघटित होण्याचा हक्क देणारा अमेरिकेतला कायदा १९३५ चा, नॅशनल लेबर रिलेशन्स अ‍ॅक्ट. 'कामगार' कोण, ह्या त्याच्या व्याख्येत शेतमजूर, घरकामगार वगैरे काहींना वगळलंय, पण परदेशी नागरिकांना वगळलेलं नाही. १९८४ साली हा प्रश्न थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला होता. शिकागोतल्या चामड्याच्या एका छोट्या धंद्यातल्या कामगारांनी, बहुतेक सगळे मेक्सिकन, मतदान करून युनियन निवडली. त्यातल्या काहींकडे कागदपत्रं नाहीत हे मालकाला माहीत होतं आणि त्याने इमिग्रेशनवाल्यांना कळवलं. न्यायालयाने सांगितलं की कागदपत्रं नसलेला माणूससुद्धा ह्या कायद्याखाली कामगारच आहे, आणि युनियन केल्याचा सूड म्हणून त्याची खबर देणं हे मालकाचं बेकायदा वागणं, कायद्याच्या भाषेत अनुचित कामगार प्रथा. त्या कामगारांना भरपाई नीट मिळाली नाही, ही त्या निकालाची मोठी उणीव आहे. पण तत्त्व ठरलं ते आजही तेच आहे. कागदपत्रं नसलेल्या माणसाला जो हक्क आहे तो रीतसर व्हिसा घेऊन, फी भरून, मुलाखत देऊन गेलेल्या आमच्या मुलीला नाही, असं हा मेसेज सांगतो.

आता ह्यातलं अर्धसत्य. ते मला आवडत नाही, पण लपवणार नाही. त्याच नियमावलीत १४ क्रमांकाचा परिच्छेद संपाबद्दल आहे. एखाद्या ठिकाणी त्या कामात संप चालू असल्याचं अमेरिकेच्या कामगार मंत्र्याने अधिकृतपणे प्रमाणित केलं, तर तिथली एफ-१ विद्यार्थ्यांची काम करण्याची परवानगी तेवढ्यापुरती स्थगित होते. स्थगित होते ती कामाची परवानगी. विद्यार्थी म्हणून राहण्याचा दर्जा त्यात येत नाही, शिक्षण पूर्णवेळ चालू आहे तोवर तो टिकतो. आणि ही गोष्ट संपाची आहे, सभासदत्वाची नाही.

दुसरं, २०२५ च्या वसंतात तिथे परदेशी विद्यार्थ्यांचे व्हिसे खरोखरच रद्द झाले. पॅलेस्टाइनबद्दल लिहिल्या-बोलल्यामुळे काहींना अटक झाली, जुन्या किरकोळ पोलीस नोंदींवरून हजारोंची नावं परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदवहीतून उडवली गेली आणि कोर्टकचेऱ्या झाल्यावर एप्रिलअखेर परत घालावी लागली. आईबापांच्या पोटात गोळा येतो तो उगीच येत नाही. पण ह्यातलं काहीही युनियनचं कार्ड भरल्यामुळे झालं नव्हतं, आणि खरी भीती दाखवून खोटं कारण चिकटवणं हे भीतीचा गैरफायदा घेणं आहे.

माझा स्वतःचा अनुभव तर नेमका उलटा. स्टुअर्ड असताना माझ्याकडे एक तेलुगू मुलगा आला. कागदावर त्याचं काम आठवड्याला २० तासांचं, पण दीडशे मुलांच्या वह्या एकट्याने तपासून त्याचे २८-३० तास होत होते. प्राध्यापकांना वाईट हेतू नव्हता, त्यांनी कधी मोजलंच नव्हतं. २० तासांच्या वर काम, म्हणजे व्हिसाचा नियम मोडत होता तो तिथे, रोज रात्री वह्या तपासताना. आमच्या करारात तासांचं कलम होतं. आम्ही ग्रीव्हन्स, म्हणजे लेखी तक्रार दाखल केली, पहिल्याच बैठकीत विभागाने दुसरा ग्रेडर दिला. त्याचा व्हिसा वाचवला तो युनियनच्या कराराने.

दुसरा मुद्दा: 'विद्यार्थी हा कामगार नसतो, विद्यापीठ देते ती शिष्यवृत्ती, त्यामुळे अशी युनियन बेकायदा आहे.' ह्यावर, तो १९३५ चा कायदा राबवणाऱ्या नॅशनल लेबर रिलेशन्स बोर्डाने २३ ऑगस्ट २०१६ रोजी कोलंबिया विद्यापीठाच्या प्रकरणात निर्णय दिलाय: एकच माणूस विद्यार्थीही असू शकतो आणि कामगारही. पगार घेऊन, विद्यापीठाच्या देखरेखीखाली वर्ग घेतो, वह्या तपासतो, प्रयोगशाळा चालवतो, तेवढ्यापुरता तो कामगार. ज्याने पहिल्या वर्षाच्या मुलांना कॅल्क्युलस शिकवलंय त्याला ह्यात समजावून सांगण्यासारखं काही नाही. बोर्डाची माणसं राष्ट्राध्यक्षाबरोबर बदलतात आणि मतही फिरतं, हे मान्य. २००० साली न्यूयॉर्क विद्यापीठाच्या प्रकरणात हो म्हणाले, २००४ ला ब्राउनच्या प्रकरणात नाही, २०१६ ला पुन्हा हो. उद्या परत फिरेलही. सरकारी विद्यापीठांना तर हा कायदा लागूच नाही, तिथे त्या त्या राज्याचा कायदा. टेक्सास किंवा नॉर्थ कॅरोलायनात सरकारी विद्यापीठांतल्या कर्मचाऱ्यांना सामूहिक कराराचा हक्कच नाही. पण विस्कॉन्सिनच्या मॅडिसनमध्ये टीए मुलांच्या युनियनला १९६९ मध्ये मान्यता मिळाली आणि १९७० मध्ये पहिला करार झाला. पन्नास वर्षांहून जुनी गोष्ट 'बेकायदा' म्हणून फिरवताना लिहिणाऱ्याने निदान एकदा शोधायला हवं होतं.

तिसरा मुद्दा वाचून मला सर्वांत जास्त दुखलं. 'गिरणी कामगारांचे काय झाले ते आठवा.' आठवतं. माझे मामा लोअर परळच्या गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख माणसं बाहेर पडली, आणि मामा परत आत गेले नाहीत ते कायमचे. पण कशासाठी बाहेर पडले हेही आठवा ना. पगारवाढ आणि बोनस तर होताच, पण बॉम्बे इंडस्ट्रियल रिलेशन्स अ‍ॅक्ट, १९४६ चा कायदा रद्द करा हीही मागणी होती. त्या कायद्याने गिरणीतल्या सगळ्यांच्या वतीने बोलायचा हक्क एकाच संघटनेला, राष्ट्रीय मिल मजदूर संघाला दिलेला, आणि आपला प्रतिनिधी गुप्त मतदानाने निवडायची सोय कामगाराला नव्हती. अमेरिकेत ह्या मुलांना नेमकी तीच सोय आहे. किमान ३० टक्के लोकांनी कार्डं भरली की बोर्डाकडे अर्ज जातो, बोर्ड स्वतः गुप्त मतदान घेतं, पडलेल्या मतांत बहुमत मिळालं तरच युनियन. मग वाटाघाटी, मग कराराचा मसुदा, आणि त्या मसुद्यावर पुन्हा सभासदांचं मतदान. मामांना जे मागूनही मिळालं नाही ते मिळालेल्या मुलीला मामांचंच नाव घेऊन घाबरवू नका.

संप होतात, ते मी नाकारत नाही. १४ नोव्हेंबर २०२२ ला कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सगळ्या कॅम्पसवर मिळून ४८,००० जण संपावर गेले, बरेचसे टीए आणि आरए. नाताळच्या तोंडावर करार झाला. टीएंचा किमान पगार वर्षाला साधारण २३,००० डॉलरवरून टप्प्याटप्प्याने ३४,००० च्या आसपास गेला. तिथलं घरभाडं माहीत असलेल्या कोणालाही २३,००० म्हणजे काय ते विचारा.

'युनियन पगार खाते, पैसे मोटार कारखान्यांच्या संघटनेला जातात.' ती संघटना म्हणजे यूएडब्ल्यू, मोटार कामगारांची युनियन. तिची वर्गणी पगाराच्या १.४४ टक्के, आणि पहिला करार मंजूर होईपर्यंत शून्य. ३४,००० वर ती वर्षाला ४९० डॉलर होते. तिचे सुमारे एक लाख सभासद आज विद्यापीठांतलेच आहेत. पुढे.

'गाइड नाराज होतो, शिफारसपत्र मिळत नाही.' काही गाइड होतात नाराज, खोटं कशाला बोलू. माझेच पंधरा दिवस नीट बोलले नव्हते. पण युनियन असलेल्या आणि नसलेल्या विद्यापीठांची तुलना करणारा २०१३ चा एक अभ्यास आहे, त्यात युनियनमुळे गाइड आणि विद्यार्थ्यांचे संबंध बिघडल्याचं आढळलं नाही.

शेवटचा मुद्दा, 'युनियनमुळे जागा कमी होतात', ह्यात तथ्य आहे. बोस्टन विद्यापीठात २०२४ साली सात महिने संप चालला, करार झाला, आणि पुढच्याच महिन्यात विद्यापीठाने मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रांतल्या डझनभर पीएचडी कार्यक्रमांचे प्रवेश पुढच्या वर्षापुरते थांबवले. नव्या कराराचा खर्च हे कारण त्यांनी स्वतः दिलं. पैसा कुठे घालायचा हा निर्णय विद्यापीठाचा होता असं मी म्हणेन, पण ज्याचा प्रवेश हुकला त्याला माझ्या म्हणण्याचा उपयोग नाही. मात्र ही काळजी पुढे जाणाऱ्यांची. आमची मुलगी आत आहे, शिकवते आहे आणि जानेवारीपासून तिचा दातांचा विमा बंद झालाय.

भावोजी, तुम्ही हे वाचाल म्हणून लिहिते. तुमची काळजी मला कळते, पण तो मेसेज ग्रुपवरून काढा, आणि ज्यांना पाठवलात त्यांनाही कळवा.

तिला मी त्या रात्री एवढंच सांगितलं. सही परत घेता येते, तसं लेखी कळवायचं, बस. ती कार्डं बोर्डाकडे जातात, कोणी भरली हे बोर्ड विद्यापीठाला दाखवत नाही. आणि कार्ड परत घेतलं तरी मतदान गुप्तच असतं, तिने कुठे खूण केली हे तिच्या गाइडला कळणार नाही, तिच्या बाबांनाही नाही. तिने विचार करायला दोन दिवस मागितले. आज सकाळी मेसेज आला: कार्ड ठेवलंय.