आधी डोंगा, मग ढोल

हाँगकाँगच्या ड्रॅगन बोटींच्या, म्हणजे ढोलाच्या साथीने वल्हवायच्या लांब नावांच्या शर्यतीचा व्हिडिओ गावाकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरला की दोन तट पडतात. एक म्हणतो, वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाच्या पाण्यावर हेच करा, पर्यटन वाढेल. दुसरा म्हणतो, त्यांची हजारो वर्षांची परंपरा, आपल्याकडे काय आहे? इथून पाहताना दोघांचाही नेम चुकलेला दिसतो.

ड्रॅगन बोटींचा सण जुनाच. चिनी पंचांगातल्या पाचव्या महिन्याचा पाचवा दिवस, म्हणजे साधारण मृगाच्या आगेमागे. इ.स.पू. 278 मध्ये च्यू युआन या मंत्री-कवीने मिलुओ नदीत जीव दिला आणि त्याला शोधायला लोकांनी नावा घातल्या, अशी कथा. (पूर्व चीनमधल्या वू भागात नायक दुसराच, वू झिशू. नदीकाठी कथा एकच कधी असते?) पण जगभर पोचलेली स्पर्धा 1976 ची. हाँगकाँगच्या पर्यटन संस्थेने तेव्हा नागासाकीचा संघ बोलावला आणि त्याच्यासमोर उतरले स्थानिक कोळी. नावा आणि ढोल त्यांच्याकडे होतेच. पर्यटन मागून आलं.

शेजारच्या ग्वांगडोंग प्रांतातल्या कित्येक गावांत सण आटोपला की लाकडी नाव ओढ्याच्या गाळात पुरतात. लाकूड उन्हात वाळलं की आक्रसतं, फटी पडतात. गाळात ओल टिकते आणि हवा लागत नाही, म्हणून कुजतही नाही. पुढच्या सणाआधी सगळं गाव गाळ उपसून नाव वर काढतं, घासून धुतं, मग ड्रॅगनचं डोकं बसवतं. डोंगा, म्हणजे आपली लाकडी होडी, उन्हात का सोडू नये, हे आपल्या ढिवरांना, म्हणजे इथल्या मच्छीमारांना, कोणी शिकवायला नको.

शर्यतीच्या नावेत 22 माणसं: दोघे-दोघे करून 20 वल्हेकरी, पुढे ढोलवाला, मागे सुकाणूवाला. ढोलवाला ताल ठरवतो असं वाटतं, पण तो पहिल्या जोडीच्या वल्ह्यांशी ताल जुळवतो. मागचे पुढच्यांकडे बघून वल्हं टाकतात. नुसत्या आवाजावर गेले की वल्ह्यावर वल्हं आदळतं. नाव सव्वा मीटरही रुंद नाही, घाबरून कोणी उभं राहिलं की कलंडते. एप्रिल 2018 मध्ये चीनमधल्या ग्वीलिनला सरावात दोन नावा बंधाऱ्याशी उलटल्या, 17 जण गेले. बहुतेकांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हतं. आपल्याकडेही 2021 मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या झुंज गावी वर्धा नदीत नाव उलटून 11 जण बुडाले.

म्हणून चिनी तारीख उचलू नका. ज्येष्ठात वैनगंगा आटलेली, काठी चिखल; पाऊस लागला की गोसीखुर्दच्या 33 दरवाजांचा भरवसा नाही. कार्तिकानंतर पाणी शांत असतं. तरी नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमार्गे तिथंच येतं आणि जलपर्णीत वल्हं अडकतं. ते आधी काढावं लागेल.

फायबरच्या बोटींचं टेंडर तूर्त नको. पहिल्या वर्षी ढिवरांचेच आठ-दहा डोंगे, काठाकाठाने 200 मीटर, प्रत्येकाला जॅकेट. आणि तारीख मच्छीमार सोसायटीने ठरवावी, पालकमंत्र्यांच्या सवडीने नव्हे.