ब्रेक ऑइल हे ऑइल नव्हे: ‘५० रुपयांत कॅलिपर नवा’ या मेसेजला उत्तर

शनिवारी रात्री साडेदहाला आक्काचा फोन आला. “अरे, ह्यानं गाडीचं पुढचं चाक खोलून ठेवलंय. माझ्या वाटीत पेट्रोल ओतून त्यात रबराच्या रिंगा घातल्यात, घरभर वास सुटलाय. आणि सकाळी ज्योतिबाला जायचं म्हणतोय.” भाच्याला फोन द्यायला सांगितलं. तो म्हणाला, “मामा, मेसेजमध्ये सगळं दिलंय. पन्नास रुपयांत काम होतंय. तुम्हाला पण पाठवतो की.”

पाठवायची गरज नव्हती. तोच मेसेज आठवड्याभरात आमच्या कंपनीच्या ग्रुपवर आणि तालमीच्या ग्रुपवर येऊन गेला होता. तेव्हा मी बघून सोडून दिला, ते चुकलं. मेसेज थोडक्यात असा: शोरूमवाले दुचाकीच्या डिस्क ब्रेकचा कॅलिपर (पिस्टननं पॅड डिस्कवर दाबणारा भाग) बदलायला लावून लुटतात, त्यापेक्षा कंप्रेसरची हवा मारून पिस्टन काढा, सील रात्रभर पेट्रोलमध्ये भिजवा म्हणजे रबर नव्यासारखं होतं, पिस्टनला पॉलिश पेपर मारा, बसवताना इंजिन ऑइल लावा, ब्रेक ऑइल नसेल तर तेच भरा, पॅडला ऑइल लागलं असेल तर गॅसवर भाजा, एअर काढत बसू नका, पिस्टन खराब असेल तर कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या कारखान्यात लेथवर करून घ्या. खाली ‘जास्तीत जास्त शेअर करा’.

मी शिरोली एमआयडीसीत एका मशीन शॉपला सतरा वर्षं इन्स्पेक्शनला आहे, आणि घरातल्या सगळ्या गाड्यांचे ब्रेक स्वतः खोलतो. त्यामुळे हे लिहायचा मला अधिकार आहे असं समजतो.

पहिला मुद्दा, लुटालुटीचा. यात अर्धं खरं आहे आणि ते मान्य करायला लागतंय. ब्रेक धरून बसला की लगेच अख्खा कॅलिपर बदलायचं बिल हातात पडतं, हे मी पण बघितलंय. जुन्या गाडीला तो खर्च म्हणजे नाकापेक्षा मोती जड. बहुतेक साध्या गाड्यांचा कॅलिपर दोन पिनांवर मागेपुढे सरकतो. त्या पिनांवरचं ग्रीस वाळलं, रबरी बूट फाटून आत पाणी-माती गेली, की कॅलिपर अडकतो, एकाच बाजूचा पॅड झिजतो आणि चाक हातानं फिरवताना जड लागतं. आपल्याकडं गगनबावड्याच्या बाजूला पावसाळाभर गाडी चालवणाऱ्याला हे ठाऊक असेल. पिना काढून पुसायच्या, सिलिकॉन ग्रीस लावायचं, बूट नीट बसवायचे. बऱ्याचदा काम तिथंच संपतं. भाच्याच्या गाडीचा मूळ दोष तोच निघाला. पिस्टनला हात लावायची गरजच नव्हती. आजार म्हशीला नि औषध पखालीला, तसं झालं. पण कॅलिपर फेकायचा नाही, याचा अर्थ त्याच्यावर वाट्टेल ते प्रयोग करायचे असा होत नाही.

आता पेट्रोलचं. यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण यात माणूस मरू शकतो.

मी कळंब्याला पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. ओट्यावर स्टीलची वाटी, तिच्यात दोन रिंगा: एक जाड चौकोनी कडेची, ती मुख्य सील, दुसरी पातळ, धूळ अडवणारी. मी जाड रिंग चिमटीत धरून कॅलिपरच्या खाचेत बसवून बघितली. बसेना. एका बाजूनं दाबली की दुसऱ्या बाजूनं वर यायची. काही तासांपूर्वी ती त्याच खाचेतून निघाली होती. फुगली होती, आणि बोटाला गिळगिळीत लागत होती. भाचा म्हणाला, “मऊ झालीय की, मेसेजमध्ये तसंच म्हटलंय.”

मऊ होणं आणि नवं होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ब्रेकची सीलं साधारणपणे ईपीडीएम जातीच्या रबराची असतात. हे रबर ब्रेक ऑइलमध्ये वर्षानुवर्षं टिकतं, पण पेट्रोल, डिझेल, रॉकेल, इंजिन ऑइल, साधं ग्रीस यांतलं काहीही लागलं की ते शोषून घेतं आणि फुगतं. पेट्रोल उडून गेल्यावर आकसतं, पण पूर्वीसारखं होत नाही. लोक ‘माझं काम झालं’ म्हणून खाली अंगठे देतात, त्याचं कारणही हेच. झिजून आकसलेली सील फुगली की गळती थांबते. दोन दिवस ब्रेक छान वाटतो. तेवढ्यात मेसेज पुढं पाठवून झालेला असतो.

त्या सीलचं काम नुसतं गळती अडवायचं नाही, हे मेसेज लिहिणाऱ्याला माहीतच नसावं. डिस्क ब्रेकच्या पिस्टनला मागं ओढायला आत स्प्रिंग नसते. लिव्हर दाबलं की पिस्टन पुढं जातो आणि ती चौकोनी रिंग त्याच्याबरोबर किंचित पिळली जाते. लिव्हर सोडलं की रिंग पुन्हा सरळ होते आणि पिस्टनला केसभर मागं घेते. पॅड डिस्कपासून सुटतो तो एवढ्यामुळं. फुगलेली रिंग पिस्टनला आवळून धरते, मग मागं कोण घेणार? ब्रेक लागलेलाच राहतो, डिस्क तापते, ऑइल तापतं.

आता यात इंजिन ऑइल भरलं तर काय होतं ते बघा. हँडलवरच्या मास्टर सिलिंडरमध्येही रबरी कप असतात. त्यांच्यापुढं सुईच्या टोकाएवढं एक भोक असतं. लिव्हर सोडलेलं असताना तापून वाढलेलं ऑइल त्या भोकातून वरच्या डबीत परत जातं. कप फुगला की भोक झाकलं जातं. तापलेलं ऑइल वाढतंय, पण जायला वाट नाही. म्हणजे लिव्हरला हात न लावता ब्रेक आपोआप आवळत जातो. हे सपाट रस्त्यावर झालं तर गाडी थांबेल. ज्योतिबाच्या डोंगरावरून उतरताना, मागं आई किंवा बायको बसलेली असताना पुढचं चाक जाम झालं तर काय होईल, ते मी लिहायला नको.

ही सगळी गफलत नावातून होते, असं मला वाटतं. आपण सगळे ‘ब्रेक ऑइल’ म्हणतो, मीही म्हणतो. पण डॉट ३ आणि डॉट ४ (ब्रेक ऑइलचे दोन दर्जे) हे तेल नव्हेच. ते ग्लायकॉल ईथर वर्गातलं द्रव आहे. पाण्यात मिसळतं, पेंटवर सांडलं तर पेंट खातं. तेलाच्या भावकीत त्याला जागा नाही.

कुणाला माझा शब्द नको असेल तर आत्ता खाली जाऊन आपल्या गाडीच्या हँडलवरची ब्रेकची डबी बघा. बहुतेक गाड्यांच्या डबीच्या झाकणावर इंग्रजीत कोरलेलं असतं. अर्थ असा: झाकण काढण्याआधी पुसून घ्या, आणि फक्त डॉट ३ किंवा डॉट ४ फ्लुइड, तेही सीलबंद डब्यातलंच वापरा. गाडी बनवणाऱ्यानं एवढ्याशा जागेत दोनच वाक्यं लिहिली आणि त्यांत ‘फक्त’ घातलं. मी भाच्याला मोबाइलचा टॉर्च मारून ते वाचायला लावलं. तीन वर्षं ती गाडी चालवतोय, एकदाही वाचलं नव्हतं.

‘सीलबंद’ का, तर हे द्रव हवेतला ओलावा ओढतं. डॉट ४ ताजं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळू नये असा मानक आहे, त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की ती मर्यादा १५५ वर येते. डॉट ३ साठी हेच आकडे २०५ आणि १४०. उकळलं की आत वाफ होते, वाफ दबते आणि लिव्हर हँडलला टेकतं. म्हणून गॅरेजच्या कोपऱ्यात अर्धी उघडी पडलेली बाटली ‘वाया कशाला घालवायची’ म्हणून ओतू देऊ नका. २०१९ आणि २०२१ च्या पुरात ज्यांच्या गाड्या पाण्यात उभ्या होत्या आणि त्यानंतर ब्रेक ऑइल बदललेलं नाही, त्यांनी तर ते याच आठवड्यात बदलावं.

कंप्रेसरची हवा. भाच्यानं पिस्टन पंक्चरवाल्याकडच्या हवेनंच काढला होता. समोरच्या पत्र्याला पडलेला पोचा मी डोळ्यांनी बघितला. साधा हिशोब आहे: पिस्टन ३० मिलिमीटर व्यासाचा धरला तर त्याचं तोंड सात चौरस सेंटिमीटर होतं, हवा सात किलोची असेल तर मागून जवळजवळ पन्नास किलोचा जोर. तिथं बोट असतं तर? याला फुकटातला उपाय आहे. ऑइलचा पाइप जोडलेला असतानाच कॅलिपर डिस्कवरून काढा, पॅड काढा, खाली ताट ठेवा आणि लिव्हर हळूहळू दाबत राहा. पिस्टन आपल्या पायांनी बाहेर येतो. पाइप नंतर सोडवा.

पॉलिश पेपरचं मला वैयक्तिक वाईट वाटतं, कारण माझा रोजचा धंदाच पृष्ठभाग बघायचा आहे. स्टीलच्या पिस्टनवर क्रोमचा पातळ थर असतो. चकचकीत करण्याच्या नादात तो घासला की खालचं लोखंड उघडं पडतं. पहिल्या पावसात गंज, गंजाचे खड्डे, आणि ते खड्डे नवी सील कातरतात. पिस्टन मऊ कापडानं पुसा आणि त्याच्यावरून नख फिरवा. सील बसते त्या पट्ट्यात नख अडकलं तर पिस्टन बदला. नाही अडकलं तर तोच वापरा, तिथं पैसे वाचवा. घासायचीच असेल तर कॅलिपरची खाच साफ करा. ॲल्युमिनियमच्या त्या खाचेत पांढरी पूड धरते, ती सीलला मागून ढकलते आणि नवी सील घालूनही पिस्टन जड चालतो. स्क्रू-ड्रायव्हर लावू नका, चरे पडतात. आम्ही जळून गेलेल्या उदबत्तीची काडी वापरली. बांबूची काडी खाचेच्या कोपऱ्यात बरोबर जाते आणि धातूला ओरखडा काढत नाही. अर्धा तास लागला, पण खाच आतून स्वच्छ दिसायला लागली.

उद्यमनगरातल्या लेथवर पिस्टन करून घ्या, हा मुद्दा ज्यानं लिहिला त्यानं उद्यमनगरचं नाव फुकट वापरलंय. तिथं काय होत नाही, हे कोल्हापूरकराला सांगायला नको. चांगलं स्टेनलेस स्टील घेऊन, टर्निंगनंतर ग्राइंडिंग करून, मापात पिस्टन करणारे हात तिथं आहेत. पण पिस्टन आणि बोअरमधली (तो ज्या भोकात सरकतो त्यातली) फट मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजायची असते. जुना झिजलेला पिस्टन नमुना म्हणून ठेवून ‘असाच एक काढून द्या’ म्हटलं, तर झीज धरूनच नवा येणार. आणि नुसत्या टर्निंगच्या रेघा राहिल्या तर त्या सीलला कानशीसारख्या लागतात. एवढं सगळं नीट करून घ्यायचं म्हटलं तर कंपनीचा तयार पिस्टन स्वस्त पडतो.

पॅड गॅसवर भाजणं: करू नका. ऑइल पॅडच्या आत मुरलेलं असतं, आणि भाजून पॅडचा मसाला बांधून ठेवणारं रेझिनच खराब होतं. नवे पॅड घ्या. एअर काढायची नाही, हे तर वाचूनही पटत नाही. पाइप सोडला की हवा आत जाते आणि हवा दबते, म्हणून लिव्हर स्पंजी लागतं. निपलला (कॅलिपरवरच्या हवा काढायच्या छोट्या बोल्टला) पारदर्शक नळी लावा, दुसरं टोक ऑइलच्या बाटलीत बुडवा, बुडबुडे बंद होईपर्यंत काढा, आणि वरची डबी रिकामी होऊ देऊ नका. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचं आहे. त्यात हवा एबीएसच्या युनिटमध्ये अडकली तर घरी निघेलच असं नाही. तसं वाटलं तर तेवढ्या कामाला सर्व्हिस सेंटरला जा.

सोमवारी सील किट, पाइपच्या बोल्टचे तांब्याचे दोन नवे वायसर, डॉट ४ ची सीलबंद बाटली आणि सिलिकॉन ग्रीसची पुडी आणली. बिल ६४० रुपये. पिस्टन जुना, पॅड जुने, मजुरी शून्य. नवी सील ताज्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवून खाचेत बसवली, पिस्टन दोन अंगठ्यांनी सरळ दाबला आणि तो एका दमात आत गेला. भाचा म्हणाला, “मामा, एवढं हलकं?” मंगळवारी आधी गल्लीत हळू चालवून, ब्रेक चार-पाचदा दाबून बघितला, मग गाडी त्याच्या हातात दिली.

ज्यांनी हा मेसेज वाचून आधीच इंजिन ऑइल भरलंय, त्यांच्यासाठी: गाडी आहे तिथंच ठेवा. नुसतं ऑइल काढून डॉट ४ भरलं तर भागत नाही, कारण रबरानं ते आधीच शोषलेलं असतं. मास्टर सिलिंडरचं किट, कॅलिपरची सीलं, रबरी पाइप, हे सगळं बदलून आतला मार्ग धुऊन घ्यायला लागतो. आमच्या तालमीच्या ग्रुपवर असा कुणी असेल तर लाजू नका, मला सांगा. रविवारी मी घरीच असतो. गाडी छोट्या टेम्पोत घालून आणा, चालवत आणू नका.